दोन सेलची बॅटरी एका सेलवर कशी चालवावी : नवख्यांसाठी पायरीपायरीने

सोलापूर आणि आसपासच्या गावांत हातात धरायच्या विजेरीला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटात जे घालायचे त्याला ‘सेल’ म्हणतात. या लेखातही मी हे शब्द त्याच अर्थाने वापरणार आहे, म्हणजे दुकानात बोलताना आणि हे वाचताना आपला गोंधळ होणार नाही.

माझ्या मामांचे शेत दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यामुळे उसाला पाणी द्यायला अपरात्री रानात जावे लागते आणि पायाखालचे जनावर दिसण्यासाठी हातात बॅटरी लागतेच. एके रात्री त्यांच्या दोन पेन्सिल सेलच्या एलईडी बॅटरीतला एक सेल फुगून गळाला. घरात दुसरा नवा सेल नव्हता, भिंतीवरच्या घड्याळातला मात्र एक होता. एका सेलवर बॅटरी लागेल का, असे मी म्हणताच मामा म्हणाले, “जोडीतल्या एका बैलावर औत धरतोस काय?” त्या रात्री औत काही चालले नाही. पुढचे दोन महिने सुट्टीच्या दिवशी बसून, तीन ट्रान्झिस्टर आणि एक एलईडी जाळून मी ते जमवले. त्यात ज्या चुका झाल्या त्या आपल्या हातून होऊ नयेत, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच मनात पक्की असू द्यावी. सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आपण वाढवू शकतो, पण त्यातली ऊर्जा वाढवू शकत नाही. एका सेलवर बॅटरी लावली तर उजेड तरी कमी मिळेल किंवा तो कमी वेळ तरी टिकेल, आणि यांपैकी काय सोसायचे हे आधी ठरवले की पुढची निवड सोपी होते.

१. रिकाम्या जागी तार घालून एलईडी का लागत नाही ते समजून घ्या

प्रत्येक नवखा माणूस पहिला प्रयोग हाच करतो. एक सेल काढून त्याच्या जागी चांदीच्या कागदाची गुंडाळी, खिळा किंवा नाणी रचून तो सर्किट पूर्ण करतो आणि बटण दाबतो, पण काहीच होत नाही. जुन्या बल्बच्या बॅटरीत असे केले असते तर बल्ब निदान तांबडा धुगधुगला असता, कारण बल्बची तार कमी दाबावरही थोडा प्रवाह घेते. एलईडीचे तसे नसते. ठरावीक उंबरठ्याखाली तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही.

पांढऱ्या एलईडीचा हा उंबरठा सुमारे २.७ व्होल्टचा असतो आणि नीट उजेडासाठी तिला ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. कारण पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळसर लेप असतो आणि दोघांच्या मिश्रणातून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. निळ्या प्रकाशाच्या कणाला तांबड्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून तांबडी एलईडी २ व्होल्टच्या आत लागते आणि निळी लागत नाही. ही निळी एलईडी बनवणेच इतके अवघड होते की त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपला साधा सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो, तेव्हा एका सेलवर पांढरी एलईडी थेट लागण्याचा प्रश्नच येत नाही.

२. आपली बॅटरी उघडून तिची जात ओळखा

ही पायरी वगळू नये. मी ती वगळली आणि त्यातच माझी पहिली एलईडी गेली.

सेल एकामागे एक नळीत बसतात की शेजारी शेजारी दोन कप्प्यांत, हे पाहावे. अंग धातूचे आहे की प्लास्टिकचे, आणि प्लास्टिकचे असेल तर आतून पितळी किंवा लोखंडी पट्टी कुठून कुठे जाते, हेही पाहावे. बटण पाठीमागच्या टोपणात आहे, मधे सरकते आहे की डोक्याजवळ आहे, याची नोंद कागदावर करावी. पुढे सातव्या पायरीत याच नोंदीवर सगळे अवलंबून आहे.

मग डोक्याकडचा भाग उघडावा. स्वस्त बॅटरीत ५ मिलिमीटरच्या तीन, पाच किंवा सात लहान एलईडी समांतर जोडलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांना एकही रेझिस्टर नसतो, कारण दोन सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध आणि जेमतेम ३ व्होल्टचा दाब प्रवाहाला आपोआप आवर घालतो. काही बॅटरींत एकच मोठी, पिवळ्या चकतीची १ वॉटची एलईडी असते. पूर्ण उजेडासाठी ती सुमारे ३५० मिलिअँपिअर मागते आणि तेवढे देणे एका साध्या सेलला झेपत नाही, ती मंदच लागेल. एलईडीच्या मागे लहान गोल पट्टीवर कॉइल आणि आयसी दिसली, तर आपल्या बॅटरीत दाब वाढवणारे सर्किट आधीपासून असू शकते. अशी बॅटरी एका सेलवर, रिकाम्या जागी नुसता धातूचा तुकडा घालून, चालते का ते आधी पाहावे. चाललीच तर पुढचे काहीच करावे लागणार नाही.

३. तीन मार्गांतून एक निवडा

पहिला मार्ग असा की साधा सेलच ठेवायचा आणि रिकाम्या जागेत घरी बनवलेले दाब वाढवणारे लहान सर्किट बसवायचे. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि एक गुंडाळी एवढ्यावर ते होते आणि हौशी मंडळींत ते ‘ज्यूल थीफ’ या नावाने ओळखले जाते. उजेड मध्यम मिळतो, पण घड्याळातून काढून टाकलेल्या अर्धमेल्या सेलवरही तो मिळतो.

दुसऱ्या मार्गात तेच काम करणारा तयार मॉड्यूल, म्हणजे सगळे भाग आधीच जोडलेली लहान पट्टी, विकत घ्यायचा. हात कमी लागतो, उजेड जास्त मिळतो आणि सेल लवकर संपतो.

तिसरा मार्ग म्हणजे एकच लिथियम सेल आणि शेजारी पोकळ, म्हणजे ‘डमी’ सेल. उजेड भरपूर, पण चुकीलाही इथे माफी नाही.

हातात सोल्डरिंगची सवय नसेल आणि घरात लहान मुले असतील तर मी तरी पहिलाच मार्ग सुचवेन. त्यात चूक झाली तर दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर जातो, तिसऱ्यात आग लागू शकते. म्हणून पुढचे बहुतेक विवेचन पहिल्या मार्गाचे आहे.

४. साहित्य जमवा

अवजारांत २५ वॉटची सोल्डरिंग गन, सोल्डरची तार, पॉलिश पेपर, लहान पक्कड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. मल्टिमीटर नसेल तर उसना आणावा, पण त्याच्याशिवाय कामाला बसू नये.

सुट्या भागांत बीसी ३३७ किंवा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, तांबडा पट्टा), फेराइट या चुंबकीय पदार्थाची लहान कडी आणि इनॅमलची तांब्याची तार लागेल. बीसी ५४७ सगळीकडे मिळतो, पण त्याची प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. बीसी ३३७ त्याच्या कितीतरी पट झेलतो आणि किंमत जवळजवळ तेवढीच असते, म्हणून तोच मागावा. चार-पाच एकदम घ्यावेत, एक तरी जळतोच.

इनॅमलची तार विकत घेण्याची गरज नाही. शेतीपंपांच्या आणि यंत्रमागांच्या मोटारी भरून देणारी वाइंडिंगची दुकाने आपल्या शहरात कमी नाहीत. तिथे पंख्याच्या वाइंडिंगची दोन हात तार मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची तार असावी. पंपाच्या मोटारीची जाड तार लहान कडीत बसणार नाही.

फेराइटची कडी जळलेल्या सीएफएल दिव्याच्या आतल्या पट्टीवर असते, साधारण १० मिलिमीटर व्यासाची, तीन वेटोळी घातलेली. मात्र सीएफएल घरी फोडू नये. तिच्या काचेच्या नळीत थोडा पारा असतो आणि पट्टीवरचा मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भारलेला राहू शकतो. दुरुस्तीवाल्याकडे सुट्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्यातली कडी मागून घ्यावी. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी कोणी पुढे केली तर ती घेऊ नये. ती लोखंडाच्या भुकटीची असते आणि या कामाला फेराइटइतकी उपयोगी नाही.

डमी सेलसाठी १४ मिलिमीटर जाडीचा, ५० मिलिमीटर लांबीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा पोकळ तुकडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बसवायला एकेक लहान स्क्रू लागेल. मी मागावरची जुनी लाकडी कांडी कापून वापरली. तिला आरपार भोक आयतेच असते, आतून तार जाते आणि बारीक पडली तर वर कागद गुंडाळून जाडी भरून काढता येते. साळ्यांच्या गावात राहण्याचा असाही एक फायदा.

५. गुंडाळी करा

तारेचे साधारण ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्यावेत. शक्य असल्यास ते दोन निरनिराळ्या रंगछटांचे असावेत, नसल्यास एकाच्या दोन्ही टोकांना गाठ मारून खूण करावी. दोन्ही तारा शेजारी धरून, जणू एकच तार आहे अशा रीतीने, कडीतून १२ वेढे घ्यावेत. वेढे मोजताना तार कडीच्या आतून जितक्या वेळा गेली तितके वेढे धरतात. शेवटी आपल्यापाशी चार टोके उरतील, पहिल्या तारेचा आरंभ व शेवट आणि दुसऱ्या तारेचा आरंभ व शेवट.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. पहिल्या तारेचा आरंभ आणि दुसऱ्या तारेचा शेवट एकत्र पिळावेत. दोन्ही आरंभ एकत्र जोडले तर सर्किट चालत नाही, आणि या पद्धतीची पुष्कळ सर्किटे पहिल्या खेपेला याच कारणाने लागत नाहीत. घाबरू नये, तसे झाले तर कोणत्याही एका तारेची दोन टोके आपसांत बदलावीत, बस.

इनॅमल हा डोळ्यांना न दिसणारा शत्रू आहे. तार तांब्यासारखी चमकते म्हणून ती उघडी आहे असे वाटते, पण तिच्यावर लाखेसारखा थर असतो आणि त्यावर सोल्डर नुसते बसल्यासारखे दिसते. चारही टोके एक सेंटिमीटरपर्यंत पॉलिश पेपरने घासून, आधी सोल्डरचा पातळ थर देऊन, मल्टिमीटर बीपच्या स्थितीत ठेवून तपासावीत. माझा एक अख्खा रविवार एका न घासलेल्या टोकापायी गेला.

६. सर्किट जोडा आणि बाहेरच तपासा

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ३३७ आणि बीसी ५४७ या दोघांचेही डावीकडून उजवीकडे पाय कलेक्टर, बेस आणि एमिटर असे येतात. दुकानदाराने ‘हाही चालतो’ म्हणून २एन ३९०४ दिला तर तो चालतो हे खरे, पण त्याचे पाय नेमके उलटे, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात. माझे पहिले दोन ट्रान्झिस्टर हे न बघितल्यामुळे गेले.

जोडणी अशी करावी. एकत्र पिळलेली जोडी सेलच्या धन टोकाला जाते. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला आणि दुसरे थेट कलेक्टरला जोडावे. एमिटर सेलच्या ऋण टोकाला जातो. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला आणि आखूड पाय एमिटरला लावावा.

आत काय घडते ते थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टर सुरू झाला की कलेक्टरकडच्या वेटोळ्यात प्रवाह वाढू लागतो, त्यामुळे शेजारच्या वेटोळ्यात दाब निर्माण होऊन बेसला आणखी रेटा मिळतो आणि ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. मग प्रवाह आणखी वाढू शकत नाही अशी अवस्था येते, रेटा संपतो, ट्रान्झिस्टर पटकन बंद होतो आणि कडीत साठलेली चुंबकीय ऊर्जा सेलच्या दाबात भर घालून एलईडीतून बाहेर पडते. सेकंदाला हजारो वेळा हे चक्र चालते, म्हणून डोळ्यांना उजेड सलग दिसतो. सुरुवात होण्यासाठी सेलमध्ये साधारण ०.७ व्होल्ट पुरतात. भिंतीवरचे घड्याळ त्याच्या किती तरी आधी थांबलेले असते.

बॅटरीत बसवण्यापूर्वी टेबलावरच एका सुट्या एलईडीवर तपासावे. सेलकडून येणारा प्रवाह मल्टिमीटरने मोजला तर तो ५० ते १०० मिलिअँपिअरच्या दरम्यान असावा. एलईडीकडचा प्रवाह मोजण्याच्या फंदात पडू नये, तो तुटक झटक्यांचा असल्याने स्वस्त मीटर काहीही आकडा दाखवतो. उजेड फार मंद वाटला तर १ किलोओहमच्या जागी ४७० ओहम लावून पाहावे. त्याहून खाली जाऊ नये, ट्रान्झिस्टर तापू लागतो.

हिशेबही इथेच करून टाकू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये अडीच-तीन वॉट-तास ऊर्जा असते आणि आपले सर्किट सुमारे ८० मिलिअँपिअर घेत असेल तर उजेड हळूहळू उतरत वीसेक तास मिळतो. एवढ्या उजेडात बांधावरून चालता येते, पाटाचे दार दिसते, पण लांबच्या विहिरीवर झोत टाकता येत नाही.

७. तिसरी तार : सगळे इथेच अडखळतात

सर्किट टेबलावर छान लागले, आता ते डमी सेलच्या पोटात घालून बॅटरीत बसवले की काम झाले, असे मला वाटले होते. झाले नाही, आणि का झाले नाही हे कळायला मला आठवडा लागला.

खऱ्या सेलला दोनच टोके असतात, पुढचे आणि मागचे. आपल्या सर्किटला मात्र तीन जोडण्या लागतात. सेलचे धन टोक आत येण्यासाठी एक, एलईडीला बाहेर जाण्यासाठी दुसरी, आणि सेलच्या ऋण टोकाशी सामाईक असलेली तिसरी. डमीच्या मागच्या आणि पुढच्या स्क्रूवर पहिल्या दोन भागतात, पण तिसरी बाजूने बाहेर काढावी लागते. ती नसेल तर एमिटर अधांतरी राहतो आणि बॅटरी लागत नाही.

क्रम असा ठेवावा. नळीच्या बॅटरीत डमी पुढे, डोक्याकडे, आणि खरा सेल मागे. डमीच्या मागच्या स्क्रूला गुंडाळीची पिळलेली जोडी, पुढच्या स्क्रूला कलेक्टर, आणि एमिटरपासून एक पातळ लवचिक तार बाजूने बाहेर. शेजारी शेजारी कप्पे असलेल्या बॅटरीत ज्या कप्प्याचे धन टोक एलईडीला टेकते त्या कप्प्यात डमी घालावा, म्हणजे खऱ्या सेलचे ऋण टोक डोक्याजवळच येते आणि तिसरी तार अगदी आखूड लागते. नवख्याने पहिला प्रयोग याच प्रकारच्या बॅटरीवर करावा.

ही तिसरी तार नेमकी कुठे टेकवायची, याला बटणाची जागा उत्तर देते. बॅटरी प्लास्टिकची असेल आणि बटण ऋण बाजूच्या पट्टीत असेल, तर तार बटणाच्या एलईडीकडच्या बाजूला, म्हणजे थेट एलईडीच्या ऋण पायाला जोडावी. सेलकडच्या बाजूला जोडली तर बटण बंद केल्यावरही ट्रान्झिस्टर आपले काम करत राहतो, उजेड दिसत नाही आणि सेल मात्र रात्रभर निचरत राहतो. धातूच्या अंगाची, मागे बटण असलेली बॅटरी असेल तर अंग हेच बटणानंतरचे ऋण टोक असते, म्हणून डमीच्या कुशीतून पितळेची लहान स्प्रिंगदार पट्टी बाहेर काढून ती नळीच्या आतल्या भिंतीला टेकवली की पुरते. आतून रंग किंवा ॲनोडाइझचा थर असेल तर तेवढ्या जागी घासून धातू उघडा करावा.

काही बॅटरींत बटण धन बाजूला, डमी आणि एलईडी यांच्यामध्ये असते. अशा वेळी बटण बंद केले की सर्किटला भार, म्हणजे वीज घेणारे काही, उरत नाही, गुंडाळीची ऊर्जा जायला वाट नसते आणि कलेक्टरवरचा दाब इतका चढतो की ट्रान्झिस्टरची ४५ व्होल्टची मर्यादाही तो ओलांडू शकतो. माझा तिसरा ट्रान्झिस्टर असाच गेला. अशा बॅटरीत बटणाच्या जोडण्या बदलाव्या लागतात, आणि तेवढे जमत नसेल तर दुसरी बॅटरी घेतलेली बरी.

८. तयार मॉड्यूल घेणार असाल तर

दुकानात ‘बूस्ट मॉड्यूल’ मागितला की बहुधा एमटी ३६०८ नावाचा निळा तुकडा हातात ठेवतात. तो घेऊ नये. त्याला आत यायलाच किमान २ व्होल्ट लागतात, आपल्या एका सेलवर तो जागाच होत नाही. आपल्याला ‘०.९ व्होल्टपासून चालणारा’ असे स्पष्ट सांगून मागावा लागेल.

हे मॉड्यूल साधारणपणे ५ व्होल्ट देतात, त्यामुळे एलईडीला ते थेट जोडले तर ती जळते. एका लहान एलईडीसाठी मधे ६८ ओहमचा रेझिस्टर घातला की सुमारे २५ मिलिअँपिअर मिळतात. पाच समांतर एलईडींसाठी २७ ओहम ठीक आहे. ३.३ व्होल्ट देणारा मॉड्यूल मिळाला तर तो अधिक चांगला, कारण ५ व्होल्टच्या मॉड्यूलमध्ये एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा रेझिस्टर गरम करण्यातच जाते. पाच एलईडींच्या बॅटरीला अशा मॉड्यूलवर सेलकडून ४०० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. साधे झिंक-कार्बन सेल एवढ्याने धापा टाकतात. इथे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलच वापरावा, तो १.२ व्होल्टचा असला तरी जास्त प्रवाह सहज देतो. तिसऱ्या तारेचा नियम याही मॉड्यूलला तसाच लागू आहे.

९. एकच लिथियम सेल आणि डमी

१४५०० या क्रमांकाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. आकड्यातले १४ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ५० म्हणजे लांबी. पण त्याचा दाब साध्या सेलच्या अडीच पट असतो आणि धोक्याचे मूळ याच सारखेपणात आहे. घरात कोणी तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर ते उपकरण गेले म्हणून समजावे.

याचेही दोन प्रकार आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट हा ३.२ व्होल्टचा असतो, म्हणजे दोन नव्या सेलच्या जवळपास. बॅटरीत काहीही न बदलता, शेजारी नुसती आरपार तार असलेली डमी घालून तो चालतो. तो ३.६ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचा असतो, नेहमीच्या ४.२ व्होल्टच्या चार्जरवर लावायचा नसतो. दुसरा नेहमीचा लिथियम आयन, नावाला ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. हा रेझिस्टर नसलेल्या बॅटरीत थेट घातला की एलईडी काही मिनिटे डोळे दिपतील अशी लागते, मग निळसर पडते आणि जाते. माझी पहिली एलईडी अशीच गेली. पाच लहान एलईडींसाठी डमीच्या आत साध्या तारेऐवजी १० ओहमचा रेझिस्टर घातला तर भरलेल्या सेलवर प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो.

लिथियम आयनच्या चार्जिंगसाठी टीपी ४०५६ चे लहान मॉड्यूल सगळीकडे मिळते, पण ते मुळात १ अँपिअरला लावलेले असते. एवढ्या लहान सेलला तो प्रवाह जास्त होतो. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा लावला की प्रवाह ४०० मिलिअँपिअरवर येतो. संरक्षक पट्टी असलेलाच सेल घ्यावा, मात्र तो थोडा लांब असतो, म्हणून डमी तेवढी आखूड कापावी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार इथे करावाच लागतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या मोटारघरात दुपारी याहून अधिक तापमान सहज असते. चार्जिंग रात्री, घरात, फरशीवर ठेवून आणि माणूस जागा असताना करावे.

१०. वापरताना

घड्याळातून काढलेला सेल मीटरला लावला की तो १.३ व्होल्ट दाखवतो आणि आपण खूश होतो, पण भार नसताना दिसणारा हा आकडा फसवा असतो. सेलला १० ओहमचा रेझिस्टर जोडून त्याच वेळी दाब मोजावा. एक व्होल्टच्या वर राहिला तर तो रात्र काढील.

ज्यूल थीफ सेलला अगदी निचरेपर्यंत शोषतो. साध्या सेलच्या बाबतीत तोच त्याचा गुण आहे, पण निचरलेला सेल आत राहू दिला तर तो गळतो आणि स्प्रिंगवर पांढरा थर चढतो. अल्कलाइन सेलचा तसा थर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसून, मग कोरडा करावा. रिचार्जेबल सेल मात्र १ व्होल्टच्या खाली उतरवू नये. उजेड स्पष्टपणे मंदावला की तो काढून चार्जिंगला लावावा.

शेवटी चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत लिहून ती बॅटरीच्या अंगावर लावावी : ‘एकच सेल. लाकडी तुकडा काढू नये.’ मामींनी एकदा झाडलोट करताना तो तुकडा कचरा समजून फेकला आणि त्या जागी नवा सेल घातला. ती ज्यूल थीफची बॅटरी होती म्हणून ती नेहमीसारखी दोन सेलवर लागली, एवढेच. लिथियमची असती आणि दुसराही लिथियम सेल आत गेला असता तर एलईडीवर ८.४ व्होल्ट आले असते. तेव्हापासून आमच्या घरात लिथियमच्या बॅटरीला तांबडी पट्टी आणि ज्यूल थीफच्या बॅटरीला पांढरी पट्टी असते, आणि मामा रात्री पाण्याला जाताना पांढरी पट्टीवाली नेतात.